बांधावरचे नऊ स्टॉप

कासमचाचा मुलं अरबीत मोजायचे. "वाहिद, इत्नेन, तलाता, अरबा..." असं म्हणत एकेका डोक्यावर पंजा ठेवायचे, आणि नुसता ठेवायचे नाहीत, जरासा दाबायचे. डोकं जागेवर आहे ना, याची खात्री करून घ्यायचे. संध्याकाळी पाच वाजता आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली ही मोजणी चालायची. नवव्या डोक्यावर "तिसा" झालं की वरात निघायची मागच्या शेतांकडे. दिवेलागणीला परत आले की खालूनच हाक यायची, "घ्या गो, आपापला माल उतरवून!" मग आम्ही आया खाली जाऊन चिखलाने माखलेला आपापला माल ताब्यात घ्यायचो.

चाचांनी चोवीस वर्षं आखातात शाळेची बस चालवली होती. मोजणी तिथली. तिथल्या बसमध्ये एकदा एक मूल झोपून राहिलं आणि दुसऱ्या एका ड्रायव्हरची नोकरी गेली, तेव्हापासून यांनी डोक्याला हात लावल्याशिवाय मोजायचं नाही असा नेम केला होता. "नुसत्या डोळ्यानं मोजलेलं खरं नाय, बाई," ते म्हणायचे. "डोळा आपल्याला हवं तेवढं मोजतो." निवृत्त होऊन महाडला आले आणि आमच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर राहू लागले. तळमजल्यावर आमच्याकडे कुणी राहत नाही, तो पुरासाठी सोडलेला असतो. एरवी तिथे स्कूटर लावतात आणि सोसायटीच्या मीटिंगा होतात.

मी इथल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नवरा एमआयडीसीत पाळीवर. मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची होती. शाळा फोनवर भरायची ते दिवस संपले होते, पण फोन काही आमच्या घरातून उतरला नव्हता. सई फोनशिवाय जेवायची नाही, आणि फोन समोर असला की काय जेवतेय हे तिला कळायचं नाही. आठवीच्या वर्गात डोळ्याची रचना मी फळ्यावर फार सुंदर काढते. घरी येऊन त्याच हाताने मुलीला फोन द्यायचा आणि कणीक भिजवायला घ्यायची, असा माझा दिनक्रम होता. कुणी टोकलं तर माझ्याकडे उत्तर तयार असायचं की मी तिला फक्त चांगलंच बघू देते.

तर असंच काहीतरी चांगलं बघत सई एकदा जिन्यात बसली होती. चाचा मासळीची पिशवी घेऊन वर येत होते. सईचे पाय पायरीवर आडवे. चाचांनी तिला हाक मारली नाही की पाय ओलांडले नाहीत. ते दोन पायऱ्या खाली बसून राहिले. हे सगळं मी दारातून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता, कारण मुलीला ओरडायची वेळ माझ्यावर येणार होती. बऱ्याच वेळाने सईने मान वर केली.

"काय?"

"काय नाय. रस्ता मोकळा व्हायची वाट बगतोय."

सईने पाय घेतले. चाचा उठले नाहीत. "काय चाललाय आत?" त्यांनी फोनकडे बोट करून विचारलं.

"एक माणूस चिखलाचं घर बांधतोय. नुसत्या हातांनी."

"मग चिखल हाय की मागं. तू बांध."

एवढंच. मासळी हसीनाचाचींच्या हवाली करून ते माझ्या दारात आले. "बाई, पोरीला मागं शेतावर नेऊ काय? तुमच्या खिडकीतून दिसंल." सई तासाभराने परत आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. त्या रात्री ती वरणभात जेवली आणि जेवताना सारखी बोलत होती. पंधरा दिवसांत बिल्डिंगमधली नऊ मुलं चाचांच्या मागे जाऊ लागली. सगळ्यांत लहान दुसऱ्या मजल्यावरच्या वृषालीचा ओम, सहा वर्षांचा.

बिल्डिंगच्या मागे भातशेती आहे. भात कापून झालं की मोकळी खाचरं, त्यांच्यामधून बांध, आणि बांधांच्या टोकाला एक वहाळ, जो पुढे सावित्रीला मिळतो. चाचांनी त्या बांधांवर प्रत्येक मुलाला एक जागा नेमून दिली. त्या जागेला ते स्टॉप म्हणायचे. सगळी मिळून आधी भरपूर खेळायची, लगोरी, आट्यापाट्या, चिखलाचे किल्ले. मग चाचा टाळी वाजवायचे आणि प्रत्येकाने आपापल्या स्टॉपवर जाऊन बसायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, फक्त बघायचं. थोड्या वेळाने चाचा हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवत पहिल्या स्टॉपपासून निघायचे आणि डोक्यावर हात ठेवत, मोजत, एकेकाला बसमध्ये घ्यायचे. नियम एकच होता: बस येईपर्यंत स्टॉप सोडायचा नाही. पाऊस आला तरी नाही, आई दिसली तरी नाही.

बसमध्ये चढताना तिकीट म्हणून एक खबर द्यावी लागायची. आज आपल्या स्टॉपवर काय नवीन घडलं ते सांगायचं. "खेकड्याने दुसरं भोक पाडलं." "बगळ्याचं पीस पडलंय." "मुंग्यांनी रस्ता बदलला." काही नसेल तर "आज काही नाही" हीसुद्धा खबर चालायची, पण मग चाचा विचारायचे, "घडलं नाय, का तू बगितलं नाय?" मुलांनी "चाचा, हे काय आहे?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "थांब जरा. तोच सांगंल." मी विज्ञानाची शिक्षिका. मला हे चुकीचं वाटायचं. विचारलं की नाव सांगावं, वर्गीकरण सांगावं, अशी माझी शिस्त. पण सई महिनाभरात मला सांगू लागली की तिच्या स्टॉपवरची खेकडी ऊन उतरल्यावरच बाहेर येते आणि डावी नांगी आधी काढते. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मला असलं काही कधी सांगितलेलं नव्हतं.

पावसाळ्यात ते मुलांना वहाळाजवळ जाऊ द्यायचे नाहीत. रस्त्यावरूनच पाणी दाखवायचे. "पाण्याशी सलगी नाय करायची. त्याला लांबून ओळखायचं," म्हणायचे. समोरच्या दगडाचा किती भाग बुडाला, रंग कधी बदलला, लाकडं कुठल्या बाजूने वाहत आली, हे मुलांनी लक्षात ठेवायचं. महाडच्या मुलांना पूर ठाऊक असतो, पण तो मोठ्यांच्या तोंडून. या नऊ जणांना तो स्वतःच्या डोळ्यांनी कळू लागला होता.

एका रविवारी चाचा सगळ्यांना एसटीने पोलादपूरला घेऊन गेले. मदतीला म्हणून मीही गेले. चाचा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि दर वळणावर त्यांचा डावा पाय आपोआप क्लच दाबत होता. मुलं ते बघून खुदुखुदु हसत होती. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आम्ही एका पायवाटेने आत चालत गेलो. चाचांनी अचानक हात वर केला. सगळी जागच्या जागी थांबली. वर फांदीवर शेकरू होतं. मी झटकन पर्समधून फोन काढला, कुलूप उघडलं, कॅमेरा लावला, वर धरला, तोवर फांदी रिकामी. मुलं एकमेकांना त्याच्या शेपटीची लांबी हातांनी दाखवत होती. नऊ मुलांनी आणि एका ड्रायव्हरने शेकरू पाहिलं. मी पाहिलं नाही.

"बाईंचं राहिलं," चाचा मुलांना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "बगून घ्यावं, बाई. दाखवायला नको."

परतीच्या एसटीत मुलं पेंगली तेव्हा त्यांनी मला रुबीनाची गोष्ट सांगितली. रुबीना त्यांची धाकटी, तेव्हा अकरावीला होती. ती लहान असताना दर शुक्रवारी, चाचांच्या सुट्टीच्या दिवशी, कॉम्प्युटरवर बापलेकीचं बोलणं व्हायचं. ती चार वर्षांची असताना चाचा रजेवर घरी आले. दारात उभे राहून त्यांनी तिला हाक मारली तर ती आईच्या मागे लपली. चाची म्हणाल्या, अगं, अब्बा आले. रुबीना आत पळाली आणि बंद कॉम्प्युटरच्या काचेवर हात ठेवून म्हणाली, अब्बा इथे राहतात. "दुसऱ्यांची पोरं रोज हातानं मोजली मी," चाचा म्हणाले, "आणि माझी तीन काचेतून मोठी केली. आता हात लावायला गेलो तर ती केवढी झालीत." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघू लागले. मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

हे सगळं ऐकूनही पुढे मी जे केलं ते केलं, म्हणून हा रविवार मी इतका सविस्तर सांगितला.

व्हॉट्सॲपचा ग्रुप माझ्याच डोक्यातून निघाला. आया काळजी करायच्या, हे खरं. उशीर झाला की गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. पण त्याहून खरं हे की आम्हा शिक्षकांना सवयच लागली आहे. शाळेत झाड लावायचं असलं तरी आम्ही आधी फोटो काढतो, मग खड्डा खणतो. मी ग्रुप काढला, सगळ्या आयांना घेतलं, आणि चाचांकडे गेले.

"फोन मी घरी ठेवून जातो, बाई," ते म्हणाले. "चोवीस वर्षं त्याच्याशीच बोललोय."

"चाचा, रोज दोन फोटो टाकलेत की आयांच्या जिवाला घोर राहणार नाही."

ते आतून फोन घेऊन आले. "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगताय तर करतो." मग मी त्यांना फोटो कसा काढायचा आणि ग्रुपवर कसा पाठवायचा ते शिकवलं. दहा मिनिटांत शिकले. मी त्यांना शाबासकीही दिली.

पहिला आठवडा सगळ्या खूश होत्या. दुसऱ्या आठवड्यापासून ग्रुपवर एकेक सुरू झालं. आमचा दिसत नाही. पायात चपला का नाहीत. पाण्याच्या इतकं जवळ कशाला. घसा बसलाय, तिला चिखलात बसवू नका. चाचा प्रत्येकीच्या समाधानासाठी आणखी फोटो काढू लागले. मग मुलं त्यांच्यामागे लागली, "चाचा, माझ्या खेकड्याचा काढा, आधी माझ्या." बसचं तिकीट म्हणून खबर सांगायची ती बंद पडत चालली. फोटो आहेच की, सांगायचं कशाला. सईही रात्री जेवताना बोलायची कमी झाली. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण फोटो फार छान येत होते हो. मी ते स्टेटसला ठेवायचे, खाली दोन ओळी लिहायचे, मुलांना मातीशी जोडू या वगैरे. शाळेतून कौतुक झालं. मुख्याध्यापकांनी पालकसभेत या उपक्रमावर बोलायला सांगितलं. उपक्रम माझा नव्हता, हे सांगायचं मी विसरले असं म्हणवत नाही. मी सांगितलं नाही.

पालकसभेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडत होता. त्या संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले त्यात सई नव्हती. मला सभेत दाखवायला तिचाच फोटो हवा होता. मी ग्रुपवर न लिहिता चाचांना वेगळा मेसेज पाठवला: "चाचा, सईचा फोटो राहिला. स्टॉपवर बसलेली असतानाचा एक छान काढून पाठवा, मला शाळेत दाखवायचाय." दोन निळ्या खुणा उमटल्या. पाच-सात मिनिटांत फोटो आला. खरंच छान होता. मावळतीचा उजेड, बांध, आणि गुडघ्यावर हनुवटी टेकलेली सई. मी तो लगेच स्टेटसला ठेवला.

त्यानंतर थोड्या वेळाने मुलं परतली. नेहमी बडबडत येणारी मुलं त्या दिवशी चाचांच्या हातातल्या फोनभोवती गोळा होऊन आपापले फोटो बघत आली. चाचांनी हाक दिली, आम्ही खाली उतरलो. वृषालीने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ओम कुठेय?"

चाचांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आहे. ते वळले आणि धावत सुटले. पासष्टीचा माणूस, दोन्ही गुडघे दुखरे, पण आम्हा तरुण बायांना ते गाठता येईनात. ओमचा स्टॉप शेवटचा, वळणापलीकडे, करंजाच्या झाडाखाली. बांधांवर अंधार उतरला होता. वृषाली मुलाच्या नावाने हाका मारत होती आणि वहाळाचं पाणी वाजत होतं, तेवढाच आवाज.

ओम त्याच्या जागेवर बसलेला होता. गुडघ्यांना हातांची मिठी घालून, थंडीने कुडकुडत. रडत नव्हता. चाचांना बघून म्हणाला, "चाचा, आज बसला उशीर झाला." पाऊण तास तो पोरगा तिथे बसला होता, कारण बस आल्याशिवाय स्टॉप सोडायचा नाही असं त्याला शिकवलेलं होतं. चाचा तिथेच ओल्या मातीत खाली बसले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. शेवटी वृषालीने ओमला त्यांच्या हाताखालून ओढून घेतलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आई होती ती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावर मीटिंग झाली. मुलं जिन्यावर ओळीने बसून वरून बघत होती. चाचा मधल्या खांबाशी उभे होते. कुणीतरी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"चूक माझी," ते म्हणाले. "मोजताना एका पोरीवर दोनदा हात पडला. नऊ भरले. मी मागं फिरलो."

"असं कसं होईल?" वृषालीचा आवाज चिरकत होता. "इतकी वर्षं बस चालवलीत ना तुम्ही?"

"फोनमधे होतो."

"फोनमध्ये काय होतं एवढं?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. माझा फोन माझ्या हातात होता आणि तो मेसेज त्या फोनमध्ये होता. पुढचं वाक्य माझं आहे हे मला कळत होतं. ते वाक्य मी मनात जुळवलंही, "वृषाली, मी त्यांना मेसेज केला होता." अवघे सहा शब्द. माझ्या तोंडून एकही फुटला नाही. वृषाली माझ्याकडे कशी बघेल, बायका काय म्हणतील, उद्याच्या सभेत मी कोणत्या तोंडाने उभी राहीन, हे सगळं त्या सहा शब्दांच्या आडवं आलं.

"मॅच बगत होतो," चाचा म्हणाले.

त्या दिवशी कुठे मॅच होती का, हे कुणी विचारलं नाही. चाचांना कधी कुणी मॅच बघताना पाहिलं आहे का, हेही नाही. उलट सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मग तिसऱ्या मजल्यावरचे पवारकाका घसा खाकरून म्हणाले, "आपली मुलं आपण कुणाबरोबर पाठवतो, याचाही जरा विचार करायला हवा. पोरं घरी येऊन अरबीत मोजतात, ते मी तेव्हाच म्हटलं होतं." बोलले ते मोजण्याबद्दल, पण त्यांना काय म्हणायचंय ते प्रत्येकाला कळलं. चाचांनाही कळलं. मागच्या मोठ्या पुराच्या वेळी याच पवारकाकांच्या आईला चाचा आणि त्यांच्या मुलाने खुर्चीत बसवून वर नेलं होतं. त्या वेळी तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी फरशीकडे बघत होते. फरशीकडे बघणारे आम्ही पुष्कळ होतो.

चाचा म्हणाले, "उद्यापासून बंद," आणि जिना चढून गेले. मुलांनी त्यांना वाट करून दिली.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. हातात वाटीभर शिरा, म्हणजे दारात उभं राहायला निमित्त. "चाचा, त्या दिवशीचा तो मेसेज..." मी सुरुवात केली. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "कसला मेसेज? माझा फोन बिगडलाय, बाई. काय येत नाय, काय जात नाय." मग आत बघून म्हणाले, "हसीना, बाईंना चहा ठेव गो." मी चहा प्यायले. घरी आले तेव्हा मला हलकं वाटत होतं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याची लाजही वाटत नव्हती. ती नंतर वाटायला लागली.

पुढे मुलं घराघरात परत गेली. दोघातिघांनी मागच्या शेतात जाऊन खेळून बघितलं, पण स्टॉपवर बसवणारं कुणी नव्हतं. सईला फोन मिळू लागला, आणि मी तो काढून घ्यायला गेले की ती निमूट देऊन टाकायची. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पुरानंतर आखातात नोकरीला गेलेल्या मुलाने चाचांना एक मोठा फोन पाठवला. चाचा गॅलरीत खुर्ची टाकून तो बघत बसायचे. रुबीनाने मला सांगितलं, ते रस्ते बघतात. कुठल्या कुठल्या देशांत ड्रायव्हरच्या काचेसमोर कॅमेरा लावून काढलेले रस्ते. तासन्‌तास. मी शाळेतून येताना खालून दिसले की विचारायचे, "काय बाई, सुटली शाळा?" त्या आवाजात कधी तक्रार ऐकू आली नाही. मी "हो चाचा" म्हणायचे आणि जिना भरभर चढायचे. दर वेळी वाटायचं, मे महिन्यात सांगू, गणपतीत सगळे एकत्र असतील तेव्हा सांगू. तीन गणपती येऊन गेले.

यंदा पावसाळा सरता सरता चाचा गेले. दुपारी गॅलरीतच खुर्चीत बसल्या बसल्या. मी शाळेत होते.

दोन दिवसांनी सईला घेऊन चाचींना भेटायला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. वृषालीही आली होती, ओम तिच्या शेजारी. मी ठरवून गेले होते की आज सगळ्यांसमोर सांगायचं. चाचींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोरीवर लय जीव होता त्यांचा." मग कुणीतरी आलं, त्या उठल्या, आणि माझं सांगणं पुन्हा राहिलं. निदान सईला तरी सांगावं, असं मी जिना चढताना ठरवलं. चाचा बेजबाबदार होते असं मनात धरून ही मुलगी मोठी होऊ नये. तेवढं तरी माझ्या हातात होतं.

घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. अकरा वर्षांची सई दाराला टेकून उभी राहिली.

"सई, त्या दिवशी चाचा मॅच बघत नव्हते."

"माहीत आहे."

"नाही, तुला माहीत नाही. मी त्यांना एक मेसेज..."

"आई, तो मेसेज मीच वाचून दाखवला त्यांना," सई म्हणाली. "त्यांचा चष्मा घरी राहिला होता. मला म्हणाले, बग गो काय आलाय. मी वाचला. मग ते मला परत स्टॉपवर घेऊन गेले फोटोसाठी."

गॅसवर दूध होतं. मी गॅस बंद केला. तीन वर्षं ही मुलगी माझ्यासमोर बसून जेवत होती.

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस? मीटिंगमध्ये जिन्यावर होतीस ना तू?"

"तुझ्याकडेच बघत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू गप्प होतीस. मला वाटलं, अशा वेळी गप्प बसायचं असतं."